शनिवारच्या बैठकीत न सांगितलेलं

हे पुरतं कोणालाच ठाऊक नाही. माझ्या बायकोला, सुमनला, अर्धं ठाऊक आहे. उरलेल्या अर्ध्याच्या जागी मी तिला एक खोटं सांगितलंय आणि ते ती इतकी वर्षं खरं धरून बसली आहे. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याशी बोलायचा धीर होतोय. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटते. आतासुद्धा दार लोटून बसलोय, तरी स्वयंपाकघरात भांडं पडलं की दचकतो.

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे भित्र्या माणसाला लोक गरीब म्हणतात. 'विनायक ना? अगदी गरीब हो, कोणाच्या अध्यात ना मध्यात.' चाळीस वर्षं हे ऐकत आलोय. ऐकायला बरंही वाटतं. पण घाबरलेला माणूस काय काय करू शकतो, ते या लोकांना कुठे माहीत आहे?

डहाणूच्या किनाऱ्याला आमची चिकूची वाडी. तिघा भावांत मी धाकटा. वाडीचं सगळं थोरले दोघे बघत, आणि मला कोणी काही विचारत नसे. चिकूच्या पेट्या स्टेशनवर पोचवायच्या टेम्पोवर मी गाडी शिकलो, तेवढीच माझी विद्या. तिच्या जोरावर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला तलासरीजवळच्या एका दवाखान्यात ड्रायव्हरची नोकरी लागली. एका डॉक्टरबाईंनी तो उभा केला होता. दोन खोल्यांचा दवाखाना आणि एक जीप. आठवड्यातले चार दिवस औषधांची पेटी घेऊन आम्ही पाड्यापाड्यांवर फिरायचो. सुमन तिथेच मलमपट्टीच्या कामाला लागली. मागच्या बाजूला राहायला दोन खोल्या मिळाल्या. म्हणजे माझी नोकरी, तिची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर, सगळं बाईंच्या एका शब्दावर.

बाई कडक. सुती साडी, आखूड केस, आवाज असा की रांगेतलं रडणारं पोर गप्प व्हायचं. मायाही तशीच, पण ती दिसायला वेळ लागे. त्यांचा एकच नियम होता — पिणारा माणूस दवाखान्यात नको. दारूनं फुटलेली डोकी आणि दारूनं सुजलेली पोटं त्या रोज बघत होत्या. नोकरीवर घेताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "पितोस?" मी म्हटलं, "नाही बाई."

ते काही ठरवून सांगितलेलं खोटं नव्हतं. आमच्या भागात ताडीला कोण दारू म्हणतं? सकाळी ती नीरा असते, दुपारी जरा चढलेली नीरा, एवढंच. वाडीवर लहानपणापासून पितो आम्ही. 'प्यायलास का' असं कोणी विचारलं, तर ताडी कोणी त्यात धरत नाही. तुम्हाला हसू येईल, पण खरोखर माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आणि एक रीत होती बाईंची. शनिवारी दवाखाना बंद झाला की सगळी माणसं पडवीत गोल बसायची. आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं, ते प्रत्येकानं उठून सांगायचं. सुरुवात बाई स्वतः करत. 'बुधवारी मी त्या म्हातारीवर ओरडले, ओरडायला नको होतं.' सांगणाऱ्याला कोणी टोकायचं नाही, हसायचं नाही. सांगून झालं की चहा. औषधाच्या गोळ्यांत चूक झाली आणि ती कोणी लपवली, तर माणूस मरतो, म्हणून चूक बोलायची सवय लागली पाहिजे, असं बाई म्हणत. मला तेव्हा ही रीत फार आवडायची.

तर — भाचीचं लग्न होतं.

बहीण उंबरगावकडे दिलेली. आमच्यात सोयरिका हद्दीच्या दोन्ही बाजूंना. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे गुजरात, आणि मधे नाका. नाक्यापलीकडे दारूबंदी. म्हणून इकडच्या वऱ्हाडातल्या पुरुषांची एक जुनी खोड — हद्दीच्या अलीकडे, शेवटच्या ताडीच्या मांडवापाशी थांबायचं आणि पलीकडच्या दोन दिवसांचंसुद्धा अलीकडेच पिऊन घ्यायचं. 'टाकी फुल करून घ्या, पुढे पंप नाही,' हा ठरलेला विनोद. शहाण्या माणसाला कळेल की प्यायची तर तिकडे पोचून चोरून, नाहीतर घरी परतून. आम्ही मात्र पिऊन नेमके त्याच राज्यात गाडी घालायचो, जिथे नुसता तोंडाचा वास म्हणजे गुन्हा! बाकीचे टेम्पोतून जायचे, ते निभावून जायचं. मी स्कूटरवर होतो. बायकापोरं आदल्या दिवशीच गेली होती. मी नवरीचा मामा. मामानं नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं, म्हणून मला सगळ्यांनी आग्रह करकरून पाजली.

उंबरगावच्या अलीकडे एका वळणावर सुकी मासळी विकणारी एक म्हातारी कडेनं चालली होती. मला ती दिसली. दिसली आणि तरी हँडल वळलं नाही, इतकंच आठवतंय. टोपलीला धक्का लागला, म्हातारी खाली बसली, रस्ताभर सुकट. तिचा तळहात सोलवटला आणि मनगट दुखावलं, त्यापेक्षा जास्त काही झालं नाही, हे माझं नशीब. तिचं नशीब म्हणता येणार नाही. माणसं जमली. कोणीतरी माझं तोंड हुंगलं. ज्या वेळी मी भाचीचा हात धरून उभा असायला हवा होतो, त्या वेळी मी पोलीस चौकीच्या बाकावर ओकत होतो.

भाचीला मग तिच्या चुलत्यानं उभं केलं.

पुढे कोर्टात उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "गुनो कबूल छे?" मी मान हलवली. दंड झाला, आणि शिक्षा — कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची. अशी शिक्षा असते, हे मला माहीतच नव्हतं. कोपऱ्यातल्या बाकावर बसायचं आणि त्या दिवसाचं काम संपलं की घरी जायचं. माझ्या भावोजींना हायसं वाटलं. मला वाटेना. येणारा-जाणारा प्रत्येक जण डहाणूचा वाटत होता. प्रत्येक वकील माझ्याकडे वळून बघतोय असं वाटत होतं. म्हातारी साक्षीला आली होती, मनगटाला फडकं बांधून. ती माझ्याकडे रागानं बघेल म्हणून मी खाली मान घातली होती. तिनं बघितलंच नाही. कोर्ट उठलं तेव्हा माझे पाय उठेनात.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "जो, आ वात अहीं ज दाटी देवानी. इथेच पुरून टाकायची. तिकडे कोणालापण कायपण बोलायचा नाय. तिकडच्यांना काय समजणार नाय." खरंच होतं. दुसरं राज्य, दुसरं कोर्ट. झाकली मूठ. लग्नाला मामा का नव्हता, तर स्कूटर बिघडली.

सुमन मात्र घरी आल्यावर म्हणाली, "अहो, बाईंना सांगून टाका. रागावतील, चार दिवस बोलायच्या नाहीत. पण दुसरीकडून कळलं तर मग तोंड दाखवायला जागा नाही." ती रडत नव्हती, शांतपणे सांगत होती. मला पटलंही. मी वाक्य पाठ केलं, 'बाई, माझ्या हातून एक गुन्हा झालाय आणि मला शिक्षा झालीय.' सकाळी दात घासताना म्हटलं, जीप पुसताना म्हटलं. बाईंच्या दारात गेलो. त्या कोणालातरी इंजेक्शन देत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय रे, कसं झालं लग्न? मामानं भाचीला नीट उभं केलं ना?"

आणि मी म्हणालो, "हो बाई. छान झालं."

इतकं सोपं असतं, बघा. एका श्वासात झालं.

त्या शनिवारी पडवीत माझी पाळी आली. सुमन समोर बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत होती. मी उठलो. म्हणालो, "सोमवारी जीपच्या मागच्या चाकातली हवा मी तपासली नाही. वाटेत काही झालं असतं तर पेशंटचे हाल झाले असते." बाई म्हणाल्या, "शाबास. हे सांगितलंस ते बरं केलंस." सुमनच्या हातातली गुंडाळी थांबली. तिनं वर बघितलं नाही.

मग मला ती युक्तीच सापडली. दर शनिवारी मी एक छोटी चूक शोधून आणायचो. कधी किल्ली जीपला तशीच राहिली, कधी कंपाउंडरला उलट बोललो, कधी औषधाची पेटी उन्हात राहिली. कधीकधी खरी चूक नसायची, तर आठवड्यात मुद्दाम एखादी करून ठेवायचो. विश्वास बसतोय का? थोडा आवाज कापायचा — तो खराच कापत होता, फक्त कारण दुसरं होतं. बाहेरून पाहुणे आले की बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत, "चूक कशी बोलावी ते आमच्या या विनायककडून शिकावं." मी खाली बघायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. तलासरीला नवा हवालदार आला की मी त्याचं गाव कुठलं ते आधी काढायचो. गुजरातकडून येणारा प्रत्येक पेशंट मला साक्षीदार वाटे. एकदा बाजारात सुकट विकणारी एक म्हातारी दिसली. तीच होती की दुसरी, देव जाणे. मी ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिलो, ती उठून जाईपर्यंत. जीपमध्ये बाई एकट्या उन्हात बसून होत्या. आल्यावर म्हणालो, पोट बिघडलंय. त्यांनी स्वतःच्या हातानं गोळी दिली आणि ती मी गिळली.

सुमननं मधे एकदा विचारलं होतं, "मी सांगितलं तर?" मी तिच्या पाया पडलो. नवऱ्यानं पाया पडावं याची तिला इतकी लाज वाटली की पुढे कित्येक वर्षं तिनं तो विषय काढला नाही.

आता सुकऱ्याचं सांगायला हवं. मघापासून त्याच्याकडेच येतोय आणि पुन्हा वळसा घालतोय.

सायवनकडच्या एका पाड्यावरचा वारली. शुक्रवारी जन्मला म्हणून सुकऱ्या. औषधाची पेटी उचलायला म्हणून लागला, पुढे मीच त्याला गाडी शिकवली. हात चांगला होता त्याचा. ओढ्यातून जीप काढताना माझ्यासारखा शिव्या घालायचा नाही, गाडीशी हळू आवाजात बोलायचा. त्यांच्यात लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तसा तो बाईंनाही 'तू' म्हणे आणि बाईंना ते आवडे. शनिवारी तो बसायचा, पण बोलायचा नाही. एकदा मला म्हणाला, "भाऊ, तू येवढ्या लोकांपुढं कसा रं बोलतो? मना तर भ्याव वाटते." मी म्हटलं, "एकदा बोलून बघ. हलकं वाटतं."

हो. असं मी म्हटलं होतं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. सुकऱ्याच्या पाड्यावर लग्न होतं. दुसऱ्या दिवशी त्याच बाजूला फेरी होती म्हणून जीप त्याच्याकडेच ठेवलेली. सुट्टीचा दिवस, दुपारी तो मांडवात ताडी प्यायला. तेवढ्यात शेजारच्या पाड्यावरून झोळीत घालून एक बाळंतीण आणली. मूल आडवं आलेलं, कालपासून अडलेली. दुसरी गाडी कोसाकोसावर नाही. सुकऱ्यानं तिला जीपमध्ये घातलं आणि रानशेत, आशागड करत डहाणूच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आई वाचली, मूलही वाचलं. तो प्यायला होता हे आमच्यापैकी कोणाला कळलं नाही, कळण्याचं कारणही नव्हतं. बाईंनी उलट त्याची पाठ थोपटली.

शनिवारी तो पहिल्यांदा उठला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"बाई, त्या दिशी मी ताडी प्यालेलो. तसाच गाडी हाकली. ती बाय वाचली, पन मी प्यालेलो. ती माझी चूक."

एवढंच. मग तो खाली बसला, आणि माझ्याकडे बघून थोडं हसला. शाळेत पहिल्यांदा पाढा न अडखळता म्हटल्यावर पोर मास्तराकडे बघतं ना, तसं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोमवारी ठरवू," म्हणाल्या. त्या दिवशी चहा कोणी प्यायलं नाही.

घरी आल्यावर सुमननं इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. "आता तरी जा. तुमचं सांगा. तुमचं ऐकून घेतलं, तर बाई त्याला कशा काढतील? आणि काढायचं तर दोघांना काढतील. आपण वाडीवर जाऊ. मी चिकू वेचीन." शेवटचं वाक्य तिनं कसं म्हटलं, ते मला अजून ऐकू येतं. तिनं सगळी तयारी करून ठेवली होती. मलाच फक्त दहा पावलं चालून जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलोही. वाक्य तेच, जुनं, पाठ असलेलं. बाई खाटेवर बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बस. मला रात्रभर झोप नाही. नियम माझाच आहे, पण त्या पोराला काढावंसं वाटत नाही मला. त्यानं स्वतःहून सांगितलंय. मी असं म्हणते, पुढच्या शनिवारी सगळ्यांना एकेक करून विचारते. आजवर कोणी पिऊन गाडी चालवलीय का, कोणाला कुठे शिक्षा झालीय का. ज्याचं जे असेल ते त्यानं बोलावं, मी माफ करीन, आणि नव्यानं सुरुवात करू. तुला काय वाटतं? तू सांगशील तसं."

दार उघडं होतं. यापेक्षा जास्त उघडं दार माणसाला मिळतं का? माफ करीन, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. आणि मला काय ऐकू आलं, सांगू? 'एकेक करून विचारते', एवढंच. पडवी दिसली, गोल बसलेली माणसं दिसली, खांद्यावर हात ठेवून दाखवलेला मी दिसलो. इतक्या वर्षांच्या त्या हवा न तपासलेल्या चाकांचं आता काय होईल? लोक हसतील. बाई हसणार नाहीत, त्या नुसत्या बघतील.

मी म्हणालो, "बाई, राग मानू नका. नियम तो नियम. गाडीत बाळंतीण होती. उलटली असती तर? आज याला ठेवलंत, तर उद्या पाड्यावरचा प्रत्येक जण म्हणेल, पिऊन या आणि शनिवारी सांगून मोकळे व्हा. आणि त्यांच्यात पिणं काही सुटत नसतं, तुम्हालाही माहीत आहे. सगळ्यांना विचारायचीही गरज नाही, चांगल्या माणसांचा उगाच अपमान होईल. त्याला काढलंत की विषय संपेल."

'त्यांच्यात.' हे मी म्हणालो. मी, ज्याला पाजणारी सगळी माणसं माझ्याच घरातली होती.

बाई म्हणाल्या, "तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल. तू खोटं बोलणार नाहीस." त्या स्वतः त्याला सांगणार होत्या. मी म्हटलं, नको, मीच शिकवलंय त्याला, मीच सांगतो. त्या म्हणाल्या, "बरं. पण त्याला म्हणावं, मला भेटून जा. नक्की भेटून जा म्हणावं."

तो निरोप मी दिला नाही.

सायवनला गेलो. सुकऱ्या अंगणात भाताच्या पेंढ्याची गंजी रचत होता. मी त्याला सांगितलं की बाईंनी काढलंय. आणि मग, कोणी विचारलं नसताना, म्हणालो, "मी पुष्कळ समजावलं रे. हाता-पाया पडलो. पण बाई ऐकेनात. तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही म्हणाल्या." त्यानं हातातला पेंढा खाली ठेवला. मग म्हणाला, "तू बोललास ना माझ्यासाठी. बस झाला." आणि आत जाऊन मला पाणी आणून दिलं.

घरी सुमन दारातच उभी. "सांगितलंत?" मी म्हटलं, "सांगितलं." "तुमचंही?" "माझंही. मला म्हणाल्या, जुनं आहे, विसरून जा. सुकऱ्याला मात्र ठेवणार नाहीत. हा विषय पुन्हा काढायचा नाही, कोणीच नाही, असं बजावलंय." सुमननं ते खरं धरलं. तिला वाटलं, बाईंनी आपल्यातल्या माणसाला पोटात घातलं आणि पाड्यावरच्याला हाकललं. तिनं बाईंना मनातून उतरवलं, कायमचं. दोन महिन्यांत तिनं दवाखान्याचं काम सोडलं. आम्ही आशागडला खोली घेतली. मी रोज जाऊन-येऊन नोकरी करू लागलो.

मला ते सोयीचंच होतं. कारण आता नवी भीती सुरू झाली होती. जुन्या भीतीला निदान हद्द होती, नाका होता. आता सुमन आणि बाई, बाई आणि सुकऱ्या, सुकऱ्या आणि सुमन, यांच्यातली कोणतीही दोन माणसं चार वाक्यं बोलली असती, तरी संपलं होतं. मी त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायला शिकलो. बाईंनी सुमनला बोलावलं की तिला ताप असायचा. सुकऱ्या वापीकडे वीटभट्टीच्या ट्रॅक्टरवर लागला होता. तो भात निघाला की नव्या तांदळाची पिशवी घेऊन माझ्याकडे आशागडला यायचा, 'तू बोललास माझ्यासाठी' म्हणून. सुमन त्याला प्रेमानं जेवायला वाढायची, आणि मी मधे बसून राहायचो, कोण काय बोलतं त्याच्यावर कान ठेवून. तांदूळ मी घ्यायचो. त्याचा भात सुमन घालायची आणि मी खायचो.

शनिवारची बैठक चालू राहिली, पण सुकऱ्यानंतर सगळेच चाकातल्या हवेवर आले. कंपाउंडर म्हणे, झाडू नीट मारला नाही. बाई मात्र अजून खऱ्या चुका सांगत. एकट्याच. काही वर्षांनी त्यांनीच ती बंद केली. मला काही बोलल्या नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बाई आजारी पडल्या. दवाखान्याचा कारभार त्यांनी आधीच माझ्या हातात दिला होता. आता मला कोण काढणार होतं? भ्यायचं काय कारण होतं? शेवटच्या दिवसांत त्यांना उठवत नव्हतं. एका दुपारी मी मोसंबीचा रस घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "विनायक, सुमन कधी येत नाही रे. आणि सुकऱ्या तर त्या दिवसापासून फिरकलाच नाही. निरोप दिला होतास ना?"

"दिला होता, बाई."

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार त्या दोघांचं. मी किती आठवून बघते. काय चुकलं ते सापडत नाही."

खोलीत आम्ही दोघंच. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आयुष्यभर दर शनिवारी स्वतःची चूक शोधून सांगणारी ती बाई, आणि तिला ही एक सापडत नव्हती, कारण ती तिची नव्हतीच. 'तुमचं काही चुकलं नाही, बाई.' इतकं तरी म्हणता आलं असतं. तेवढ्यानं मी उघडा पडलो नसतो. पण तेवढंही मला धोक्याचं वाटलं. त्यांचं चुकलं नाही, तर मग कोणाचं, असं त्यांनी विचारलं असतं तर?

मी म्हणालो, "जाऊ द्या बाई. झालं गेलं. त्यांच्या मनात आता राग नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले, सुया टोचून काळे पडलेले, आणि माझ्यापुढे जोडले. "त्या दोघांना सांग, मी क्षमा मागितली म्हणून. तुझ्या तोंडून त्यांना पटेल."

मी ते हात खाली घेतले नाहीत. जोडू दिले. म्हणालो, "सांगतो."

चार दिवसांनी बाई गेल्या. सुमन आली नाही, सुकऱ्या आला नाही. खांदा द्यायला सगळ्यात पुढे मी होतो.